बाल्सा ट्रेनर किट: सात महिने उडवल्यावर, आणि एक पंख फोडून पुन्हा जोडल्यावर

किट मागवलं ते गेल्या पावसाळ्यात. त्या दिवसांत बेळगावात संध्याकाळी घराबाहेर पडायची सोय नसते, त्यामुळे टेबलावर बसून करण्याजोगं काहीतरी हवं होतं. बाल्साच्या हलक्या लाकडाचं, दीड मीटर पंखांचं, रिमोटवर उडणारं साधं ट्रेनर, म्हणजे शिकाऊंसाठीचं विमान. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही.

आधी चांगलं सांगतो. लेझर कटिंग इतकं नेमकं आहे की पंखाच्या फासळ्या चिमटीनं दाबल्या तरी लाकडाच्या शीटमधून सुटतात आणि खाचेत चपखल बसतात. प्लायही चांगला. बाल्सा मात्र एकसारखा नाही. दोन स्पारपैकी, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या काठ्यांपैकी, एक कडक, तर दुसऱ्यात नख रुततं. दोन्ही पंखांत सारखी काठी पडावी म्हणून मी आधी सगळ्या वजन करून जोड्या लावल्या. बिजागऱ्या टाकाऊ, पहिल्याच महिन्यात बदलल्या.

आता मुख्य तक्रार, पुस्तिकेची. चौदाव्या पायरीत वरच्या आणि खालच्या स्पारच्या मध्ये शिअर वेब, म्हणजे उभ्या रेषांचे बाल्साचे तुकडे, चिकटवायला सांगितलंय. त्यांच्यामुळे दोन्ही स्पार मिळून एक तुळई होते, नाहीतर पंख वाकतो. पण पंखाच्या बुडाजवळचे, फासळ्यांमधले दोन कप्पे मोकळे सोडायचे असतात, कारण दोन्ही पंख जोडणारी ३ मिमी प्लायची ब्रेस तिथेच सरकते. हे पुस्तिकेत कळतं एकोणिसाव्या पायरीला, तेही चित्राखालच्या बारीक ओळीत! तोवर मी सगळे कप्पे भरून उजव्या पंखाचं वरखाली शीटिंगही (पातळ बाल्साचं आवरण) केलं होतं. ब्रेस बोटभर आत गेली आणि थांबली.

शेजारचे मामा उद्यमबागेत फाउंड्रीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने घडवणारे, होते; चाळीस वर्षं लाकूडच हाताळलंय. बघून म्हणाले, "सुकं बसवून बघायचं होतंस की रे आधी. गोंद कुठं पळून जात होता?"

डावा पंख नशिबानं सोपा निघाला. सीए गोंदाची (झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूची) बाटली संपल्यामुळे तिथले वेब फेविकॉलनं लावले होते, आणि खालचं शीटिंग व्हायचं होतं. ओलं फडकं ठेवून वरून इस्त्रीचं टोक चार-पाच मिनिटं टेकवलं, फेविकॉल मऊ पडला आणि वेब अख्खे निघाले. बाल्सा थोडा फुगला, म्हणून रात्रभर काचेवर वजनाखाली ठेवला.

उजवीकडे सीए होता. ॲसिटोननं वरवरचा सुटला, पण लाकडात मुरलेला हलेना. शेवटी मामांनीच ब्लेड हातात घेतलं. खालच्या शीटिंगमध्ये खिडकी कापली, पण फासळीच्या अगदी कडेनं नाही. स्पारजवळचा काप तिरका घेतला, म्हणजे ताण एकाच रेषेवर येत नाही. वेब तासून काढले, फासळ्यांना आतून बारीक पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे नवीन तुकड्याला बसायला ओटा झाला. ब्रेस आधी तीनदा सुकी घालून पाहिली, मगच तीस मिनिटांच्या इपॉक्सीनं जोडली. पाच मिनिटांचं वापरू नका, डायहेड्रलचा, म्हणजे पंख टोकाकडे वर उचललेले असतात तो, कोन जुळवेपर्यंत ते हातातच आवळतं. या सगळ्यात उजवा पंख थोडा जड झाला. डाव्या पंखाच्या टोकाला एक छोटा खिळा खोचला, हिशेब मिटला.

डिसेंबरपासून उडवतोय. सांब्र्याला विमानतळ आणि हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे शहराच्या आसपास मी हे काढतच नाही. कुठे उडवायला मुभा आहे ते दाखवणारा सरकारी डिजिटल स्कायचा नकाशा बघायचा आणि भात कापलेल्या खानापूरकडच्या शेतात जायचं, मालकाला विचारून. चाळीसेक उड्डाणं झाली. फेब्रुवारीत बांधावर आपटलं, चाकांची तार वाकली, पुढची फळी फुटली, पण जोडलेली जागा शाबूत. बोटानं चाचपली तरच कळते.

जूनपासून कव्हरिंगला, म्हणजे विमानावरच्या पातळ आवरणाला, सुरकुत्या पडतायत. इस्त्री फिरवली की ताणून बसतं, आठवड्यानं पुन्हा तेच. घरातल्या ओलीला किट काय करणार?

पुन्हा घ्यायचं तर हेच किट घेईन. फक्त बुडाजवळचं सगळं फेविकॉलनं करीन आणि सीए पंखाच्या टोकाकडे ठेवीन. मामांच्या नातवाला हेच हवंय. त्याला पुस्तिका दिलीय ती पान क्रमांक खोडून, एकोणिसावी पायरी चौदाव्याच्या आधी शिवून.