कोअरसायकलर: एकेका कोअरची उलटतपासणी

सिनेबेंचची प्रोसेसर-चाचणी अर्धा तास बिनबोभाट चालते, ब्लेंडरचा रेंडर पूर्ण होतो, गेम तीन-तीन तास टिकतो. आणि नुसता ब्राउझर उघडा असताना मशीन फटकन रीस्टार्ट होतं. निळा पडदा नाही, मेसेज नाही. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेच्या प्रोसेसरवर कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरमधल्या एकेका कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची बायोसमधली सोय) उणे वीस-पंचवीसवर नेला की हे हमखास पाहायला मिळतं, आणि मग आधी रॅम बदलली जाते, नंतर पॉवर सप्लाय, शेवटी विंडोज नव्याने टाकलं जातं. दोष तिथेच राहतो. तो शोधून काढायला कोअरसायकलर ही फुकट आणि ओपन सोर्स स्क्रिप्ट आज सगळ्यात कामाची आहे.

ती नेमकी इथेच का चालते, ते आधी पाहू. कर्व्ह ऑप्टिमायझरचा एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. उणे ३० म्हणजे त्या कोअरचं व्होल्टेज ९० ते १५० मिलिव्होल्टने खाली आणलं. सगळे कोअर एकदम राबतात तेव्हा वीज आणि उष्णतेच्या मर्यादेमुळे वेग उतरतो (५८००एक्सची मूळ मर्यादा १४२ वॅट आहे), आणि उतरलेल्या वेगाला कमी व्होल्टेज पुरतं. एकच कोअर कामाला लागला की तो थेट सर्वोच्च बूस्टवर, म्हणजे आपोआप चढणाऱ्या वेगाच्या टोकावर जातो, आणि कापलेलं व्होल्टेज तिथे तोकडं पडतं. म्हणून जड कामात टिकलेलं मशीन हलक्या कामात पडतं. सगळ्या कोअरवर एकदम लोड टाकणारी कोणतीही टेस्ट या दोषावरून नुसती पुढे निघून जाते.

कोअरसायकलर प्राइम९५ हा अवजड गणितं करणारा चाचणी-प्रोग्राम एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर) चालवतं आणि तो थ्रेड एका कोअरला बांधून ठेवतं. ठरलेली वेळ संपली की पुढचा कोअर. मुळात एसएसई मोड (प्रोसेसरच्या जुन्या, हलक्या गणिती सूचना) निवडलेला असतो आणि तो बदलू नये. एव्हीएक्स (नव्या, जड सूचना) जास्त करंट ओढतं, त्यामुळे बूस्ट उतरतो. आपल्याला कोअर सर्वात वरच्या वेगावर हवा आहे. अधूनमधून ते प्राइम९५ क्षणभर थांबवून पुन्हा सोडतं. लोड चढता-उतरता ठेवण्याची ही युक्ती फार महत्त्वाची आहे, कारण कितीतरी क्रॅश त्या उडीतच होतात.

प्राइम९५ चूक कशी पकडतं हेही माहीत असावं. मोठाले गुणाकार ते दशांश आकड्यांत करतं आणि उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवं. फरक ०.४ च्या पुढे गेला की ‘राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४’ अशी ओळ येते आणि तो कोअर नापास. म्हणजे मशीन पडायच्या आधीच, नुसता हिशेब चुकला तरी कळतं. अशा चुका रोजच्या कामात दिसत नाहीत. फाइली मात्र बिघडत राहतात. म्हणून चाचणीला बसण्याआधी महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर घ्याच.

वापर सोपा आहे. फोल्डर उघडा, बॅच फाइल चालवा, काळ्या खिडकीत काम सुरू होतं. पहिल्यांदा चालवल्यावर तयार होणाऱ्या कॉन्फिग फाइलमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक कोअरचा वेळ मुळात ६ मिनिटं असतो. आठ कोअरची फेरी कोअरमधल्या विश्रांतीसह ५० मिनिटांत होते, सोळा कोअरना त्याच्या दुप्पट वेळ. एफएफटीचा (प्राइम९५च्या गुणाकाराच्या पद्धतीचा) आकार मुळात ‘ह्यूज’, म्हणजे ८९६०के पासून वर. आणि चूक आलेला कोअर पुढच्या फेरीत वगळायचा की नाही, तेही तिथेच ठरतं. तो वगळूनच चालवा, म्हणजे रात्रभरात बाकीच्यांचा निकाल हाती येतो. पहिल्या रात्री ६ मिनिटांच्या फेऱ्या कराव्यात. ढोबळ दोष निस्तरले की वेळ ‘ऑटो’ करावा, मग प्रत्येक कोअरवर ठरलेले सगळे आकार पूर्ण होतात.

आता जिथे बहुतेक जण फसतात ती जागा. ‘ह्यूज’ आकाराचं काम प्रोसेसरच्या कॅशमध्ये मावत नाही, ते रॅमपर्यंत जातं. रॅम किंवा इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे भाग आणि रॅम यांना जोडणारा आतला मार्ग) कच्चं असेल तर त्याचं खापर बिचाऱ्या कोअरवर फुटतं. त्यामुळे क्रम मोडू नये. आधी बायोस मूळ सेटिंगवर आणा, एक्सएमपीही (रॅमला जाहीर केलेल्या वेगावर नेणारी सेटिंग) बंद करा. तरीही मशीन पडत असेल तर दोष ओव्हरक्लॉकचा नाहीच. टिकलं तर फक्त एक्सएमपी चालू करा आणि पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ या रॅम-चाचणीच्या किमान चार फेऱ्या होऊ द्या. एकही चूक खपवून घेऊ नका. ३६०० ची रॅम असेल तर फॅब्रिक १८०० वर आहे ना, ते पाहा. ३८०० आणि १९०० च्या हट्टापायी पुष्कळ मशीनं अस्थिर होतात. एवढं झालं की मगच कर्व्ह ऑप्टिमायझर आणि कोअरसायकलर. निकाल वाचतानाही हेच ध्यानात ठेवावं: दर वेळी तोच कोअर नापास होत असेल तर त्याचा कर्व्ह दोषी; आज दोन नंबर, उद्या सात नंबर असं चाललं असेल तर रॅम किंवा फॅब्रिककडे परत जा.

मशीन थेट रीस्टार्ट झालं तर लॉग फोल्डरमधली शेवटची ओळ पाहा. तेव्हा कोणता कोअर तपासला जात होता ते तिथे असतं. त्याला इव्हेंट व्ह्यूअरची (विंडोजमधल्या घटनांच्या नोंदवहीची) जोड द्या. कर्नल-पॉवर ४१ ची नोंद फक्त ‘मशीन नीट बंद झालं नाही’ एवढंच सांगते, त्यावरून पॉवर सप्लाय बदलायला धावू नये. शोधायची ती व्हिया-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या भागाची) १८ नंबरची नोंद. ‘कॅश हायरार्की एरर’ आणि एपीआयसी आयडी (चूक झालेल्या थ्रेडचा क्रमांक) तिथे मिळतो. आठ कोअरच्या ५८००एक्सवर दोन थ्रेड मिळून एक कोअर, म्हणून आयडीला दोनने भागा: ६ किंवा ७ म्हणजे कोअर ३. कोअरसायकलर आणि बायोस शून्यापासून मोजतात, एएमडीचा रायझन मास्टर हा प्रोग्राम एकपासून. या एका फरकामुळे भलत्याच कोअरचा आकडा बदलला जातो आणि माणूस आठवडाभर चकरा मारतो. व्हियाची १९ नंबरची नोंद ‘बस/इंटरकनेक्ट’ म्हणत असेल तर पुन्हा फॅब्रिकच.

दुरुस्ती करताना चूक किती लवकर आली ते पाहावं. काही सेकंदांत आली तर आकडा ५ ने वर घ्या, उणे २५ चं उणे २०. तीन-चार तासांनी आली तर १ किंवा २ पुरे. रायझन मास्टरमध्ये तारा असलेले सर्वोत्तम कोअर सहसा सर्वात कमी उणे सोसतात, कारण कारखान्यातून त्यांना आधीच कमी व्होल्टेज ठरवून दिलेलं असतं. सगळ्या कोअरना सरसकट उणे ३० देणं म्हणजे या सर्वोत्तम कोअरना आधी पाडणं.

स्क्रिप्टच्या उणिवाही आहेत. विंडोजचे परफॉर्मन्स काउंटर (प्रोसेसरचा वापर मोजणारी यंत्रणा) बंद किंवा बिघडलेले असतील तर ती अडू शकते. ते चालू करायची फाइल टूल्स फोल्डरमध्ये आहे, पण नवख्याला ते सुचत नाही. दिसायला सगळं काळ्या खिडकीतलं, आलेख वगैरे नाहीत. प्राइम९५ मध्ये पास झालेला कोअर वाय-क्रंचर या दुसऱ्या चाचणी-प्रोग्राममध्ये पडू शकतो, म्हणून कॉन्फिगमध्ये प्रोग्राम बदलून तीही एक रात्र द्यावी लागते. सोय त्यातच आहे. नव्या आवृत्तीत चूक आल्यावर कर्व्हचा आकडा आपोआप बदलायची व्यवस्था आली आहे. पहिला अंदाज घ्यायला ती बरी, पण रॅमची खात्री झाली नसेल तर ती चुकीच्या कारणासाठी आकडे बदलत बसेल.

ग्राफिक्स कार्डाचं ओव्हरक्लॉक इथे तपासलं जात नाही. गेममध्ये पडदा काळा होऊन परत येत असेल आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डिस्प्ले’ची ४१०१ नोंद असेल तर कार्डाचा वेग मूळ जागी आणून बघा. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीवर ही स्क्रिप्ट चालते, पण तिथे आधी बायोस अद्ययावत करा. व्होल्टेजमुळे चिप झिजण्याचा दोष इंटेलने २०२४ मध्ये मान्य केला, ०x१२९ आणि ०x१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे अपडेट) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झिजलेली चिप मायक्रोकोडने भरून येत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते.

आपल्याकडच्या दोन गोष्टी. अकोला-नागपूरकडे डिसेंबरात पास झालेले आकडे मे महिन्यात पुन्हा तपासा. खोलीचं तापमान पंधरा-वीस अंशांनी चढलं की काठावरचा कोअर आधी जातो. आणि लाइट जाता-येता मशीन रीस्टार्ट होत असेल तर यूपीएस पाहा. स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह काही अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असलेल्या पॉवर सप्लायना सोसत नाही, आणि नोंद पडते तीच कर्नल-पॉवर ४१. यूपीएस काढून थेट भिंतीच्या प्लगवर दोन दिवस चालवलं की खरं काय ते कळतं.

आकडे जुळले की बायोसच्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा. बायोस अपडेट केल्यावर सगळं शून्यावर जातं, आणि तेच आकडे भरले तरी नव्या बायोसवर किमान दोन फेऱ्या परत कराव्या लागतात.