जाड टाक्यांसाठी सोल्डरिंग आयर्न: कॉपर बिटचं १०० वॅट घ्यावं की टी१२ स्टेशन?

फवारणी पंपाच्या बॅटरीची वायर सुटली, चार्जरची पिन बदलायची आहे, अशा कामांना २५ वॅटचं आयर्न पुरतं. ट्रॅक्टरच्या वायरिंगमधली जाड वायर, पितळी टर्मिनल, बोअरच्या मोटारीच्या केबलचा जोड समोर आला की त्याचा दम निघतो. मग माणूस 'मोठं' आयर्न शोधायला निघतो आणि दुकानदार वॅट सांगत सुटतो. माझ्या मते डब्यावरचा वॅटचा आकडा तिसऱ्या नंबरला येतो. आधी बिटचं, म्हणजे आयर्नच्या तापणाऱ्या टोकाचं, वजन पाहायचं, मग आपल्याकडे व्होल्टेज किती येतं ते.

हार्डवेअरच्या दुकानात सहज हाती लागतं ते ६० वॅटचं डायलवालं. डायल ४५० अंशांपर्यंत फिरतो म्हणून भारी वाटतं. ते एखाद्या पितळी टर्मिनलवर टेकवून बघा. सोल्डर वायर बिटवर वितळते, पण टर्मिनलवर तिची गोळी होऊन बसते, पसरत नाही. तोवर वायरचं पीव्हीसी बोटभर मागे सरकतं, आतली तार काळी पडते आणि बाजूला उभं असलेलं गिऱ्हाईक विचारतं, "काहून चिपकत नाही बाप्पा?" चिपकत नाही, कारण टर्मिनल उष्णता ओढून घेतं आणि ती भरून काढायला बारीक बिटमध्ये साठाच नसतो. ६३/३७ चा (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर १८३ अंशाला वितळतो खरा, पण टाका नीट बसायला टर्मिनल स्वतः त्याच्या बरंच वर तापावं लागतं.

आकडे मांडले की चित्र स्पष्ट होतं. ५० ग्रॅमची तांब्याची बिट ३५० अंशांवरून २५० वर उतरली, तर टाक्याला सुमारे १,९०० ज्यूल उष्णता मिळते. ५ ग्रॅमची बिट १९० ज्यूल देऊन मोकळी होते. उरलेल्यासाठी हीटरच्या तोंडाकडे बघत बसायचं; ६० वॅटच्या हीटरला १,९०० ज्यूल द्यायला अर्धा मिनिट लागतो. पत्र्याच्या डब्यांना डाख लावणारे कारागीर कोळशावर तांब्याचा ठोकळा तापवत, त्यात कुठे वॅट होते? नुसतं तांबं होतं.

म्हणून जाड कामाला जाड, भरीव तांब्याच्या बिटचं साधं १०० किंवा १२५ वॅटचं आयर्न. तापायला वेळ घेतं, हाताला जड लागतं, पण एकदा तापलं की मोठा टाकाही काही सेकंदांत बसतो आणि इन्सुलेशन वाचतं. बिट झिजली की कानशीने घासायची, सोल्डर चढवायचा, पुन्हा कामाला.

आता लाइटचं बघू. डीपीपासून लांबच्या वस्तीवर, रब्बीत सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की २३० चे १८० होतात. साध्या हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. म्हणजे १८० ला १०० वॅटचं आयर्न ६१ वॅटचं उरतं आणि ६० वॅटचं ३७ चं. भार उतरला आणि व्होल्टेज २६० वर चढलं, तर तेच १०० वॅटचं आयर्न १२८ वॅट ओढतं. बिट करपते आणि अभ्रकावर गुंडाळलेली तार लवकर जाते.

टी१२ स्टेशन, म्हणजे टी१२ जातीची बिट लागणारं, तापमान स्वतः सांभाळणारं आयर्न, पुढे जातं ते इथेच. त्याचा एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) चांगला असेल तर १०० ते २४० व्होल्टमध्ये कितीही आलं तरी आत २४ व्होल्टच देतो. हीटर ८ ओमचा, म्हणून ७२ वॅट. सेन्सर बिटच्या टोकापाशीच असतो. टोक जरा थंड झालं की लगेच पूर्ण जोर लागतो. स्वस्त डायलवाल्यांत बऱ्याचदा असा सेन्सरच नसतो. रुंद किंवा सुरीसारखी बिट लावली तर ४ चौरस मिलिमीटरपर्यंतची वायर टी१२ व्यवस्थित सांभाळतं. त्याहून बरंच जाड काम आलं की साठा कमी पडतो. त्याची बिट लोखंडाचा मुलामा असलेली असते, तिला कानस लावलीत तर ती गेलीच. आणि ते ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीला थेट जोडून फायदा नाही: जेमतेम १८ वॅट मिळतात.

दुकानात मोटारी, ट्रॅक्टर, स्टार्टर एवढंच येत असेल तर १०० वॅट घ्या आणि जुनं २५ वॅट टाकू नका. सोलर पंपाचे कंट्रोलर, ऑटो स्विचची कार्डं येत असतील तर टी१२ आधी. पैसे जास्त जातील, पण बोर्डावर जाड बिट चालवली तर तांब्याची पट्टीच उखडून येते. व्होल्टेज कायम कमी असेल तर १२५ वॅटकडे झुका. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर १०० वॅट सहज चालतं, बॅटरीतून साधारण १० अँपिअर जातात.

बाकीचे पटकन. ट्रिगरची सोल्डरिंग गन काही सेकंदांत तापते, शिडीवरच्या एखाद्या टाक्याला बरी, सलग कामाला नाही. गॅसवालं शेतात कामाचं, पण वारा असला की त्रास. आणि घरात कापूस भरलेला असेल तर ते आत न्यायचंच नाही. १२ व्होल्टचं क्लिपवालं ट्रॅक्टरसोबत ठेवायला ठीक.

काही कामांना मात्र कोणतंच आयर्न नको. सेल्फच्या (स्टार्टर मोटारीच्या) जाड केबलच्या टोकाचं थिंबल आणि सोलर पॅनलचे कनेक्टर क्रिम्पच करायचे, म्हणजे पकडीने दाबून बसवायचे. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला साधा सोल्डर धरत नाही. पत्र्यासाठीचं ॲसिड वायरला लावलं तर पावसाळ्यात हिरवा गंज चढतो, वायरला राळच.

घेताना तीन पिनचाच प्लग घ्या आणि मल्टिमीटरने अर्थिंगची पिन बिटशी आतून जोडलेली आहे का ते तिथेच तपासा. मोठं आयर्न नागपूरला सीताबर्डीतून आणा की तालुक्यातून, पण त्याच नंबरची बिट आणि हीटर सुटे मिळतात का ते आधी विचारा. मिळत नसतील तर दुसरी कंपनी बघा.