मागच्या चाकातून घासल्याचा आवाज येतोय: लायनर, बेअरिंग की नुसता खडा?

मागच्या चाकातून खर्र खर्र आवाज यायला लागला की गॅरेजमध्ये दोनच उत्तरं मिळतात, लायनर (ब्रेकचा घासून झिजणारा थर) संपलेत नाहीतर बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं तो पार्ट) गेलंय. आणि बऱ्याचदा दोन्ही उत्तरं चाक न उघडताच मिळतात. दोन्हीचं बिल वेगळं, काम वेगळं, धोका तर फारच वेगळा, म्हणून आधी काय झालंय ते नक्की करा आणि मगच पार्ट घ्यायला पैसे काढा. इथे मुख्यतः अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, टियागो अशा मागे ड्रम ब्रेक (चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून शू दाबतात तो प्रकार) असलेल्या गाड्यांबद्दल लिहितोय, मागे डिस्क असलेल्यांसाठी पुढे वेगळं दिलंय.

आवाज कसा आहे यावर फार जाऊ नका, कारण एकाला जे खरखर वाटतं ते दुसऱ्याला घरघर वाटतं. आवाज कधी बदलतो ते बघा. एसी, गाणी बंद, काचा खाली, आणि लांबलचक कंपाउंड वॉल असलेला रिकामा रस्ता शोधा, भिंतीवरून आवाज परत येतो त्यामुळे कोणत्या बाजूचं चाक आहे ते पटकन कळतं. वीसच्या स्पीडला हलका ब्रेक दाबा. आवाज वाढला किंवा एकदम थांबला तर दोष ब्रेकच्या बाजूला. ब्रेकने काहीच फरक पडत नाही पण स्पीड वाढेल तसा आवाज वाढतोय, तर बेअरिंग किंवा टायर. अजून एक खात्रीची टेस्ट म्हणजे त्याच स्पीडला हँडब्रेकचं बटण दाबून धरून लिव्हर एक-दोन क्लिक वर घ्यायचा. या गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर लागतो, त्यामुळे पुढच्या ब्रेकचा आवाज यात मिसळत नाही. हे फक्त कोरड्या, मोकळ्या रस्त्यावरच करा, ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरतील.

आता दोन मुख्य संशयित. लायनर संपलेले असतील तर आवाज ब्रेकसोबत येतो, हँडब्रेक पूर्वीपेक्षा बराच वर येतो आणि शेवटी लायनर ज्यावर बसवलेला असतो त्या शूचं लोखंड थेट ड्रमवर घासायला लागतं. इथे थांबायचं कारण पैशाचं पण आहे, लायनरचा सेट ड्रमच्या मानाने स्वस्त असतो आणि लोखंड घासत राहिलं की ड्रमला खोल चरे पडतात, मग लेथवर ड्रम टर्न करा (आतून तासून सपाट करा) किंवा नवीन घ्या. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास किती चालतो तो आकडा ओतलेला असतो, त्याच्या पुढे गेलेला ड्रम कोणी टर्न करून देतो म्हणाला तरी घेऊ नका.

बेअरिंगचं तसं नाही. ते सुरुवातीला नुसतं घूं घूं करतं, चाळीस-पन्नासच्या पुढे जास्त, आणि वळणावर बदलतं. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर जातं, तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक डावं बेअरिंग, आणि उलटही तसंच. बेअरिंग घासल्यासारखं वाजायला लागलं म्हणजे ते बरंच पुढे गेलंय, चाकाला प्ले (ढिलेपणा) आलाय आणि ड्रम मागच्या प्लेटला टेकायला लागला असू शकतो. लायनर संपलेली गाडी सपाट रस्त्याने हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येते (घाट उतरून अजिबात नाही), पण प्ले आलेलं बेअरिंग घेऊन हायवेला जाणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, चाक जाम होऊ शकतं किंवा हबसकट (चाक ज्यावर बसतं त्या भागासकट) निघू शकतं. अशा गाडीला सरळ टोइंग बोलवा.

बेअरिंग बदलायच्या आधी टायर मात्र नक्की बघा, कारण वेडावाकडा झिजलेला टायर अगदी बेअरिंगसारखा वाजतो. डांबरी रस्त्यावरून मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर गेल्यावर आवाजाचा सूरच बदलला तर टायरवर संशय घ्या. मागची चाकं पुढे टाकून बघा, आवाज पुढे गेला तर बेअरिंगचा खर्च वाचला.

पावसाळ्यात तिसरीच गोष्ट जास्त होते. आठवडाभर गाडी हँडब्रेक लावून पावसात उभी राहिली की शू ड्रमला चिकटतो, गाडी हलवताना टक्क आवाज येऊन सुटतो आणि थोडा वेळ गंजाची खरखर येते. पाच-दहा वेळा ब्रेक मारल्यावर ती गेली तर एक रुपयाही खर्च करू नका. कोकणातल्या लाल मातीत फिरून आल्यावर ड्रममध्ये चिखल सुकतो, त्याला नुसतं उघडून साफ करणं पुरतं. पण हँडब्रेकची केबल गंजून परतच येत नसेल तर शू कायम घासत राहतो. हे ओळखायला दहा किलोमीटर चालवून दोन्ही मागच्या चाकांजवळ तळहात धरा, रिमला हात लावू नका, भाजेल. एका बाजूला धग लागतेय, जळका वास येतोय आणि न्यूट्रलमध्ये गाडी मोकळी घरंगळत नाही, तर शू धरून बसलाय, आणि तिथे नवीन लायनर टाकून काही होणार नाही, केबल बघायला लागेल. पावसात सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायची सवय सगळ्यात चांगली.

मागे डिस्क असेल तर भयंकर आवाजाचं कारण बऱ्याचदा सगळ्यात फुकटातलं असतं, डिस्क आणि मागच्या पातळ पत्र्याच्या मध्ये अडकलेला खडा. अचानक सुरू होतो, ब्रेक दाबा न दाबा सारखाच येतो, कधी कधी गाडी थोडी रिव्हर्स घेतली की पडतो. नाही पडला तर चाक काढून स्क्रू ड्रायव्हरने पत्रा जरासा बाजूला केला की झालं. पॅड (डिस्कला दोन्हीकडून दाबणारे ब्रेकचे तुकडे) तपासताना आतल्या बाजूचा पण बघा, बाहेरचा चांगला दिसतो आणि आतला संपलेला असतो.

आता उघडून बघायचं. गाडी सपाट जागी, पहिला गिअर, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून दगड, मग हँडब्रेक खाली आणि मागचं चाक जॅकवर. (ईको, बोलेरोसारख्या गाड्यांत मागची चाकं इंजिनला जोडलेली असतात, तिथे गिअर न्यूट्रल लागतो, म्हणून दगड डबल काळजीने लावा.) चाक वर-खाली धरून हलवा, खटखट लागली तर प्ले आहे. मग एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा, खराब बेअरिंगची बारीक थरथर स्प्रिंगमधून बोटांना लागते, कानाला ऐकू येत नसली तरी.

बेअरिंग ठीक वाटलं तर ड्रम काढा. बऱ्याच ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात बोल्ट थोडे थोडे आलटून पालटून आवळले की ड्रम आपोआप बाहेर सरकतो, हातोड्याने ठोकून कडा फोडू नका. आतली काळी भुकटी फुंकर मारून किंवा एअरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा. ड्रमच्या आतून नख फिरवा, नख चऱ्यात अडकलं तर ड्रम पण खाल्लाय. शू ओले, तेलकट दिसले तर व्हील सिलिंडर (ब्रेक दाबल्यावर शू ढकलणारा भाग) गळतोय. तो आधी बदला, नाहीतर नवे लायनर पण तेल पिऊन वाया जातील.

काम कुठे करायचं? लायनर, केबल, साफसफाई नाक्यावरचा चांगला मेस्त्री तुमच्यासमोर करून देतो आणि ते मला जास्त पटतं, कारण जुना पार्ट हातात घेऊन बघता येतो. लायनर दोन्ही चाकांचे एकदमच टाका, एकाच बाजूचे टाकले तर ब्रेक मारल्यावर गाडी ओढते. बेअरिंगसाठी मात्र प्रेस मशीन असलेली जागाच निवडा, आणि एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या सिस्टीमची) गाडी असेल तर आधी विचारून घ्या, कारण बऱ्याच बेअरिंगमध्ये एबीएससाठी एका बाजूला मॅग्नेटिक रिंग असते, ती उलटी बसली की आवाज जातो पण डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि बेअरिंग परत काढायला लागतं.