रॅम्पवरची पैठणी म्हणून 41,349 रुपयांना सेमी पैठणी गळ्यात मारली

फॅशनची आवड असलेल्या सगळ्या मैत्रिणींनो, विशेषतः मराठवाड्यातल्या, नीट वाचा. एका ऑनलाइन पेजनं नामवंत डिझायनरची पैठणी म्हणून सेमी, म्हणजे कृत्रिम धाग्याची यंत्रावरची साडी पाठवली आणि माझे 41,349 रुपये गेलेत. वर ऐकावं लागतंय की एवढी शिकलेली बाई फसलीच कशी. म्हणून हिशोब आधी देते: बुकिंग 5,000, उरलेले 27,500, मग 'जीएसटी' 5,850 आणि शेवटी 'परत मिळणारा कुरिअर विमा' 2,999. त्यातलं काहीही परत मिळालेलं नाही.

मला कपड्यातलं कळत नाही असं कुणी समजू नये. संभाजीनगरात राहून मी प्रत्येक सीझनचे शो फोनवर बघते. 2021 पासून लॅक्मे फॅशन वीक आणि एफडीसीआय, म्हणजे भारतातल्या डिझायनरांची संघटना, यांचे शो एकत्र व्हायला लागले, तेव्हापासून बहुतेक सगळी कलेक्शन्स पाहिलीत. जानेवारी 2020 मध्ये राहुल मिश्राने पॅरिसच्या ओत कुत्यूर वीकमध्ये, म्हणजे हातानं घडवलेल्या महागड्या कपड्यांच्या शोमध्ये, कपडे दाखवले, तिथं बोलावणं आलेला तो पहिला भारतीय डिझायनर, त्या रात्री मी जागी होते. डिझायनर लोक शोनंतर सॅम्पल कपडे कमी किमतीत काढतात हेही खरं आहे. त्या पेजवाल्यांनी हेच हेरलं. आपल्याला जे माहीत असतं त्याच्याच आडून हे लोक येतात.

पेजवर एका नामवंत डिझायनरचं नाव, त्याच्याच शोचे व्हिडिओ, आणि 'रॅम्पवर एकदाच नेसलेली' बांगडी मोराची, म्हणजे पदरावर गोल बांगडीत मोर विणलेली, पैठणी. मूळ किंमत 1,85,000, सॅम्पल म्हणून 32,500. आता मला सांगा, यात संशय कशाचा घ्यायचा? दोन-तीन हजार सांगितले असते तर मी लगेच पेज बंद केलं असतं. पैठणला मागावरची चांगली साडी घ्यायला गेलं तरी एवढे पैसे सहज जातात. किंमत त्यांनी बरोबर पटेल अशीच लावली होती. वर सिल्क मार्कच्या, म्हणजे शुद्ध रेशमाची खात्री देणाऱ्या लेबलच्या, होलोग्रामचा फोटोही टाकलेला. फक्त तो इतका पुसट की त्यावरचा नंबर वाचता येत नव्हता. नंबर वाचता येत नसेल तर लेबल नाही असंच समजा.

आता तो क्षण. रात्र रात्र तोच डोळ्यांपुढं येतो. 27,500 भरण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन केला तर स्क्रीनवर नाव आलं एका भलत्याच पुरुषाचं. ना डिझायनरचं, ना पेजचं. बँक खात्यावरचं नाव दाखवते ते याचसाठी. मी लगेच फोन केला. पलीकडची बाई इतकं गोड बोलली, "ताई, हे आमच्या कारागिराचं खातं आहे, पैसे थेट विणणाऱ्याच्या हातात जावेत म्हणून." मला ते पटलं. का नाही पटणार? आपल्या गुलमंडीवर दुकान सासऱ्याच्या नावावर आणि क्यूआर सुनेच्या नावावर असतो, कोण विचारतं? आणि विणकराला थेट पैसे मिळताहेत म्हटल्यावर मला तर बरंच वाटलं. माझ्या चांगुलपणाचा त्यांनी असा फायदा घेतला, याचा संताप पैशापेक्षा जास्त आहे.

मग 18 टक्के जीएसटी मागितला. तयार कपडा 2,500 च्या वर असेल तर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के लागतो, पण साडी म्हणजे न शिवलेलं कापड, तिच्यावर 5 टक्के. म्हणजे 1,625 व्हायला हवे होते. हे मला नंतर कळलं, पण निम्मं गाव साडीवरचा कर पाठ करून खरेदीला जातं का? तुम्ही मात्र पाठ करा. आणि सगळे पैसे भरल्यावर आणखी काही मागितलं, मग ते विम्याचं असो की पॅकिंगचं, तर तिथंच फोन कट करा. 2,999 मागितले तेव्हा आधीचे 38,350 अडकलेले होते, सोडवत नव्हतं.

पार्सल आलं. हात लावल्यालावल्या कळलं. पैठणच्या ओळखीच्या एका विणकर मावशींकडे घेऊन गेले. त्यांनी पदर उलटा केला आणि बोट फिरवलं. पाठीमागं कापलेल्या धाग्यांची टोकं नुसती टोचत होती. हातमागावरच्या पदरात प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या तिल्लीवरून, म्हणजे धाग्याच्या छोट्या कांडीवरून, येतो आणि शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो, म्हणून मोर समोरून दिसतो तसाच मागूनही दिसतो. इथं मागून मोराचा पत्ताच नव्हता. मावशींनी कडेचा एक धागा काढून पेटवला. रेशीम जळालं की केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते. हा धागा वितळला आणि काळा कडक मणी होऊन बसला. "बाई, ही सेमी हाय. बाजारात हजार-बाराशेला भेटती." मला तिथं कुणाकडं बघवेना.

आणि खरी मेख इथं आहे, लक्ष द्या. ते रिकामा डबा पाठवत नाहीत. काहीतरी पाठवतात, मुद्दाम. कारण ठाण्यात गेल्यावर पहिला प्रश्न हाच, "साडी मिळाली ना? मग हा ग्राहकाचा वाद आहे, ग्राहक आयोगात जा." मी म्हटलं, दुसऱ्याचं नाव लावून विकलंय, आयटी कायद्याचं कलम 66 ड आहे, भारतीय न्याय संहितेचं 318 आहे. तर एक हवालदार म्हणाले, "मॅडम, एवढ्या पैशात आमच्याकडं साखरपुडा होतो, तुम्ही साडीत घातले कामून?" माझ्या पैशाचं मी काय केलं हा त्यांचा प्रश्न आहे का? दारूत घातले असते तरी कुणी इतकं बोललं नसतं. मग म्हणे सायबरला जा. सायबरवाले म्हणे, तुमच्या ठाण्यातून पत्र आणा. 1 जुलै 2024 पासून गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावा लागतो, हे मी त्यांना मोबाईलवर कायदा उघडून दाखवलं. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. शेवटी म्हणाले, साडी पुरावा म्हणून ठेवून जा. मी लेखी पोच मागितली, तर लगेच "राहू द्या, घेऊन जा."

बँकेत आणखी वेगळं. "पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार?" अहो, समोरचं खातं तरी गोठवा! त्यासाठी पोलिसांचं पत्र हवं, आणि पोलीस म्हणतात ग्राहक आयोग. आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फीही नाही, पण नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची? पार्सलवर फक्त एका गोदामाचा पिनकोड होता.

तुमच्यावर अशी वेळ आली तर पार्सलची वाट बघत बसू नका. संशय आला त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पैसे पुढच्या खात्यात गेले की संपलं. मला आधी ठाण्यात धाडलं गेलं, तेवढ्यात खातं रिकामं झालं. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा. चॅट पुसू नका, त्यांच्या बाजूनं ते पुसतात. आणि हातमागाची पैठणी हवी असेल तर पदराच्या मागच्या बाजूचा व्हिडिओ मागा, दिवसाच्या उजेडात, बोट फिरवून. जो देणार नाही त्याच्याकडून घेऊ नका.

ते पेज नाव बदलून आजही चालू आहे. फोटो तेच: जांभळी साडी, हिरवे काठ, पदरावर बांगडी मोर आणि कोपऱ्यात अर्धा कापलेला होलोग्राम. दिसलं तर रिपोर्ट करा आणि स्क्रीनशॉट मला पाठवा. माझ्या तक्रारीला जोडायचे आहेत.