जुन्या घराचं वायरिंग: डागडुजी की सगळंच नवं?

घर ४० वर्षांचं झालं म्हणून लगेच सगळं वायरिंग उपटा, असं मी म्हणणार नाही. तार तांब्याची असेल, अर्थिंग प्रत्येक बोर्डापर्यंत आलेलं असेल आणि तक्रार एखाद्या काळवंडलेल्या सॉकेटपुरती असेल, तर तेवढंच बदलून भागतं. खर्च कमी, घरही विस्कटत नाही.

लाकडी पट्टीवरचं वायरिंग, ॲल्युमिनियमची तार, किटकॅट फ्यूजमध्ये (चिनी मातीचा जुन्या पद्धतीचा फ्यूज) कोणीतरी घातलेली जाड तार, असं सगळं एकाच घरात असेल तर मात्र गोष्ट वेगळी. बोर्ड उघडून तार जरा वाकवली की आवरण खारी बिस्किटासारखं गळून पडतं. तिथे नवा जोड द्यायचा तरी कशाला?

आमच्याकडे आधी डागडुजीच झाली. स्वयंपाकघर-बाथरूमचं वायरिंग नवं, बाकी जुनं, आणि मेनला ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की वीज तोडणारा स्विच. पावसाळा लागला आणि तो पडायला, म्हणजे आपोआप बंद व्हायला लागला. गीझर लावला की हमखास पडायचा, म्हणून खापर गीझरवर. गीझर निर्दोष निघाला. एकेका खोलीचा एमसीबी (त्या खोलीचा फ्यूजसारखा स्विच) खाली करून पाहिला, तरी तेच. कारण तो एमसीबी फक्त फेज (वीज आणणारी तार) तोडतो, न्यूट्रल (परतीची तार) जोडलेलाच राहतो. आमचा न्यूट्रल गॅलरीतल्या दिव्याच्या ओल्या भिंतीत अर्थला टेकत होता. घरात कुठेही मोठा लोड आला की थोडा करंट त्या वाटेने निसटायचा. हे सापडेपर्यंत आलेल्या प्रत्येक मिस्त्रीचा सल्ला एकच: ‘आरसीसीबी काढून टाका, कटकट मिटेल.’ जीव वाचवायला बसवलेली वस्तू जुन्या तारेच्या सोयीसाठी काढायची, हे काही पटेना. शेवटी सगळंच नवं केलं.

त्याचाही जाच आहेच. खर्च भरपूर, आणि तारांसाठी भिंतीत झिऱ्या मारताना उडणारी धूळ बंद कपाटातल्या साड्यांपर्यंत पोचते. राहत्या घरात केसिंग-पट्टी (भिंतीवरून तारा नेणारी प्लॅस्टिकची पट्टी) त्यामानाने सुसह्य. दिसायला डावी, पण पुढे पॉइंट वाढवायचा तर भिंत फोडावी लागत नाही.

तुमचं घर वेगळं असू शकतं. परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (तारेच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) इन्शुलेशन मोजून घ्या, जमल्यास भर पावसाळ्यात. सगळीकडे आकडा १ मेगाओमच्या बराच वर आला, तर खुशाल डागडुजी करा. दोन-तीन खोल्यांत खाली आला, तर पुढच्या रंगकामाच्या आधी सगळं उरकून घेतलेलं बरं.