अलास्का क्रूझसाठी घेतलेलं सामान, नऊ महिने वापरून: काय कामाला आलं, काय माळ्यावर गेलं

गेल्या जूनमध्ये सिॲटलहून सात रात्रींची अलास्का क्रूझ केली. सासू-सासरे, आम्ही दोघं, लेक (वय ९), आणि सिॲटलजवळ बेलव्ह्यूला राहणारी नणंद अन् तिचे मिस्टर. बुकिंग सगळं नणंदेनं केलं, त्यामुळे माझ्या वाट्याला आली खरेदी. अलास्का म्हटल्यावर डोळ्यासमोर बर्फच, मग काय, पुण्यातून ‘मायनस दहा’ लिहिलेली पिसांची जाडजूड जॅकेटं घेतली, एक नाही, पाच! नणंद फोनवर ओरडत होती की वहिनी थंडीचं सोड, पावसाचं बघ, पण ऐकतंय कोण.

अलास्कातल्या जुन्यू बंदरात उतरलो तेव्हा दुपारी १५ डिग्री. सासूबाई म्हणाल्या, “अगं, याच्यापेक्षा जास्त थंडी आमच्या निफाडला पडते.” पडतेच. पण निफाडच्या थंडीत पाऊस नसतो ना. केचिकन या पुढच्या बंदरात दिवसभर पिरपिर चालू होती, तिथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे आपल्या ताम्हिणीला चार महिन्यांत याहून जास्त होतो, पण आपला एकदाचा कोसळतो आणि मोकळा होतो, तिकडचा बाराही महिने रेंगाळतो. पिसांचं जॅकेट भिजलं की पिसं गोळा होतात आणि ऊब खलास, वर वाळायला दोन दिवस. चार जॅकेटं तिथून आल्यापासून माळ्यावर आहेत. पाचवं नवऱ्यानं मनालीला वापरलं, तिथे मस्त चाललं, म्हणजे वस्तू वाईट नाही, आम्हीच चुकीच्या गावाला नेली.

कामाला आलं ते नणंदेनं सिॲटलला घ्यायला लावलेलं पातळ रेनजॅकेट, आत फ्लीस (लोकरीसारखं मऊ, उबदार जॅकेट) मावेल असं एक साइझ मोठं, आणि रेनपँट. रेनपँट हसण्यावारी नेली होती मी, पण पाऊस आडवा येतो तेव्हा छत्री उलटी होते आणि मांड्या आधी भिजतात. परत आल्यावर हेच जॅकेट पूर्ण पावसाळा स्कूटरवर आणि दोन ट्रेकला वापरलं. ऑगस्टमध्ये खांद्यावर, बरोबर सॅकचे पट्टे घासतात तिथे, पाणी मुरायला लागलं, वाटलं पैसे गेले. चूक माझीच निघाली, मी ते कम्फर्ट घालून धूत होते, त्यानं वरचं पाणी झटकणारं कोटिंग मरतं. मग नुसत्या सौम्य लिक्विडनं धुतलं, दोनदा खळबळून काढलं आणि वर सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवली (लेबलवर चालेल असं लिहिलं असेल तरच करा हां). परत अळूच्या पानासारखे थेंब घरंगळायला लागले. खांद्यावर अजून थोडं दमट होतं, पण चालतंय. चेनचा दर्जा मात्र सामान्य, एक दात गेलाय.

आता दुर्बीण, माझ्या मते अख्ख्या खरेदीतली एकमेव शहाणी वस्तू. दुकानदार १० बाय ५० (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये) गळ्यात मारत होता, ‘मॅडम, जास्त लांबचं दिसेल’. आम्ही ८ बाय ४२ घेतली कारण सासऱ्यांचा हात थोडा थरथरतो, वर जहाजाचीही बारीक थरथर असतेच, आणि जितकं मोठं दिसणार तितकं हलणार. ग्लेशियर बेमध्ये, म्हणजे हिमनद्या थेट पाण्यात उतरतात त्या खाडीत, सकाळी डेकवर गेलो. तिथे दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात आणि नॅशनल पार्कचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात. मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज तासभर थांबलं आणि जागच्या जागी हळूहळू फिरत राहिलं, त्यामुळे बाल्कनी डाव्या बाजूची की उजव्या, यावर मी दोन महिने घातलेला वाद फुकट गेला. पाण्यावर साधारण अडीचशे फूट उंच बर्फाची निळसर भिंत. सासरे दुर्बीण लावून बसलेले, एकदम म्हणाले “सुटला!”, आम्हाला काही कळेना, आणि मग थोड्या वेळानं बर्फाचा कडा कोसळल्याचा गडगडाट आला. आवाजाच्या आधी त्यांना दिसलं होतं. पुढचा तासभर दुर्बीण कोणाला मिळाली नाही.

जानेवारीत भिगवणला फ्लेमिंगो बघायला हीच नेली, बोटीतून स्वच्छ दिसलं. तक्रारी दोन: डाव्या डोळ्याचं रबरी कप पाच महिन्यांतच सैल झालं, आणि पट्टा मानेला काचतो, मी ओढणी गुंडाळलीये. चष्मा असेल तर कप आत दाबून बघा, नाहीतर कडेनं काळं दिसतं.

फुटकळ: चुंबकाचे हुक नक्की घ्या, केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी असतात, सगळी ओली जॅकेटं त्यावरच वाळली, आता ते आमच्या फ्रिजवर आहेत. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्ड जहाजवाल्यांनी चढतानाच काढून घेतला, शेवटच्या दिवशी मिळाला. थर्मल एकच जोडी पुरते. उलटीसाठी आलेपाक नेलेला, इनसाइड पॅसेजमध्ये (किनारा आणि बेटांमधला जलमार्ग) पाणी बहुतेक शांत असतं म्हणून लेकीनं तो खाऊ म्हणूनच संपवला. आमचा वेटर मडगावचा निघाला, सासूबाई मराठीत आणि तो कोकणीत, रोज न मागता कढत पाणी यायचं, त्यात इन्स्टंट पोहे.

आणि हो, कॅनडाचा व्हिसा. सिॲटलहून निघणारं मोठं क्रूझ जहाज बहुतेक परदेशी नोंदणीचं असतं, आणि १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे त्याला मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं, म्हणून कॅनडातलं व्हिक्टोरिया. संध्याकाळचे चार तास, त्यासाठी आमच्या पाचही जणांचे फॉर्म आणि मोठ्यांचे बायोमेट्रिक. हे जॅकेटांच्या आधी करा, मी नंतर केलं आणि पासपोर्ट निघायच्या नऊ दिवस आधी हातात आले.

चार जॅकेटं द्यायची आहेत, एल आणि एक्सएल, एकदाच भिजलेली. मनालीला जाणारं कोणी असेल तर सांगा.