फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचा, तर ट्रिगर कुठला?

फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरून खाली उतरवायचं एकदा ठरलं की ट्रिगरचा, म्हणजे कॅमेऱ्याचं बटण दाबताच लांबचा फ्लॅश बिनतारी उडवणाऱ्या यंत्राचा, प्रश्न येतोच. लग्नं, बारशी आणि घरगुती उद्योगांच्या मालाचे फोटो असं मिळून काम करणाऱ्या माझ्या तीन-चार मित्रांनी हाच प्रश्न विचारला आणि प्रत्येकाला फोनवर अर्धा-अर्धा तास सांगून झालं, म्हणून आता एकदाच लिहून ठेवतो. हातात दोन फ्लॅश आहेत किंवा लवकरच येतील, काम मॅन्युअलवर (फ्लॅशचा जोर स्वतः ठरवून) करायची तयारी आहे आणि पैसे मोजून खर्च करायचे आहेत, अशांसाठी हे आहे. मी कुठलंही यंत्र लावून मापं घेतलेली नाहीत. बरीच वर्षं वापरून जे हाताला कळलं तेवढंच सांगतो. तुमचं काम वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

या पैशांत साधारण तीन वाटा आहेत. पहिली, साधी एकपिनी जोडी (मधल्या एकाच पिनेवर चालणारी, फक्त फ्लॅश उडवणारी): कॅमेऱ्यावर ट्रान्समीटर, प्रत्येक फ्लॅशखाली एक रिसीव्हर. दुसरी, यॉन्गनुओची: वायएन५६० मालिकेतले तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचे फ्लॅश, ज्यांच्या पोटातच रिसीव्हर आहे, आणि त्यांना हुकूम सोडणारा ५६०-टीएक्स. तिसरी, गोडॉक्सची: टीटी६०० फ्लॅश आणि कॅमेऱ्यावर एक्स२टी किंवा एक्सप्रो. टीटीएल, म्हणजे फ्लॅशचा जोर कॅमेराच मोजून ठरवतो तो प्रकार, मी मुद्दाम बाजूला ठेवतोय. पांढरी साडी आणि काळा कोट एका फ्रेममध्ये आले की मला शेवटी मॅन्युअलवरच यावं लागतं.

मी सुरुवात साध्या जोडीने केली आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. प्रकाश बाजूने आला की चेहऱ्याला गोलाई कशी येते, हे मला त्या जोडीनेच शिकवलं. यातही दोन प्रकार मिळतात. अगदी स्वस्तातले ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात, त्यांच्यावरचे २.४ गिगाहर्ट्झवर. माझी पहिली जोडी ४३३ची होती. तिचा ट्रान्समीटर १२ व्होल्टच्या बुटक्या सेलवर चालायचा, आणि हा सेल गावातल्या किराणा दुकानात मिळत नाही. शटर १/२०० सेकंदाला ठेवलं की फोटोच्या कडेला काळी पट्टी यायची, १/१६० वर उतरलं की जायची. एकदा शेजारच्या हॉलमध्ये दुसरा फोटोग्राफर होता, त्याने बटण दाबलं की माझा फ्लॅश उडायचा. चॅनेल बदलून ते निभावलं. नंतर २.४ची जोडी घेतली आणि या तक्रारी जवळपास संपल्या. तिने फ्लॅश चुकवला असं मला क्वचितच आठवतं. नुसता फ्लॅश उडवणं एवढंच काम असेल, तर ती जोडी आजही उत्तम आहे.

तरी मी ती सोडली, आणि त्याला एकच गोष्ट कारण झाली.

साताऱ्याकडे हळदीचं काम होतं. जुना दोन मजली वाडा, मधे चौक, चौकात पाट मांडलेला. खाली स्टँड ठेवायला जागा नव्हती, कारण बायका चारी बाजूंनी बसलेल्या. म्हणून एक फ्लॅश वरच्या सज्ज्याच्या कठड्याला क्लॅम्पने अडकवला आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर मारला. भिंतीवरून परत येणारा तो मऊ प्रकाश हळदीच्या पिवळ्यावर असा काही सुंदर बसला होता की सकाळचे पहिले फोटो बघून मी खूश होतो. पॉवर १/८, म्हणजे पूर्ण जोराचा आठवा भाग. अकराच्या सुमारास ऊन चौकात उतरलं आणि १/८ची पॉवर त्या उजेडात दिसेनाशी झाली. दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) हवे होते, म्हणजे १/२ करायची. फ्लॅशच्या पाठीवर बटण तीन-चार वेळा दाबायचं, बस. पण ती पाठ वर सज्ज्यात.

वाड्यातला जिना तुम्हाला माहीत असेल. अंधारा, उभा, धरायला मधे दोर. मी वर गेलो, बटण दाबलं, खाली आलो. फार तर दोन-तीन मिनिटं गेली असतील. तेवढ्यात नवरीच्या आजींना दोन्ही सुनांनी खुर्चीतून उठवून पाटापर्यंत आणलं होतं. त्यांनी नातीच्या गालाला हळद लावली आणि त्यांना पुन्हा खुर्चीत नेऊन बसवलं. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होतो तेव्हा त्या बसत होत्या. त्यांना परत उठा म्हणणं मला शक्य नव्हतं. त्या वयाच्या माणसाला फोटोसाठी दुसऱ्यांदा उठवायचं नसतं. आल्बममध्ये तो फोटो नाही. घरच्यांनी कधी विचारलं नाही, पण मला ती पायरी अजून आठवते.

यात ट्रिगरचा काही दोष नव्हता. दिवसभर एकही फ्लॅश चुकला नव्हता. पण ट्रिगर घेताना मी अंतर किती, चॅनेल किती, किंमत किती हे विचारलं होतं आणि मुख्य गोष्ट विचारायचीच राहिली होती: उभ्या जागेवरून मला पॉवर बदलता येईल का? मदतनीस असला तरी हे सुटत नाही. मंत्र चालू असताना मांडवाच्या या टोकाकडून त्या टोकाला “अरे, एक क्लिक वर घे” असं ओरडता येत नाही, आणि तो खुणेने समजून घेईपर्यंत क्षण गेलेला असतो. छत्रीत किंवा सॉफ्टबॉक्समध्ये फ्लॅश असेल तर आणखी वेळ: स्टँड खाली घ्या, कापड उघडा, बटण शोधा, पुन्हा सगळं वर करा. आणि एवढा खटाटोप असला की आपण तो टाळायला लागतो. “चालेल, नंतर लाइटरूममध्ये उचलू” असं म्हणत मी कितीतरी फोटो अर्ध्या प्रकाशात काढले आहेत. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

सेलचा त्रास त्यामानाने लहान आहे, पण आहे. दोन फ्लॅश म्हणजे आठ डबल ए. रिसीव्हरांचे चार ट्रिपल ए. ट्रान्समीटरचे वेगळे. दोन मापांचे सेल, दोन चार्जर, आणि रिसीव्हरचं बारीक बटण रात्री बंद करायचं राहिलं की सकाळी तो मेलेला. ज्या फ्लॅशच्या पोटात रिसीव्हर आहे तिथे हा भाग निघूनच जातो. सगळीकडे डबल ए, एकच चार्जर. शिवाय स्टँडवरचा मनोरा एका मजल्याने कमी होतो आणि वाऱ्यात छत्री कमी डुलते.

म्हणून माझ्या लेखी खरी निवड दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेत आहे. दोन्हीकडे कॅमेऱ्यावरून पॉवर बदलता येते.

यॉन्गनुओबद्दल मला आदर आहे. स्वस्तातल्या मॅन्युअल फ्लॅशची पॉवर कॅमेऱ्यावरून बदलायची सोय ज्यांनी आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आणली, त्यांत ५६०-टीएक्सचं नाव आधी घ्यावं लागेल. त्यावर फ्लॅशचे सहा गट (प्रत्येकाची पॉवर वेगळी) लावता येतात, आणि पडद्यावर सगळ्यांची पॉवर एकाखाली एक दिसते. वायएन५६०-४ स्वतःही हुकूम सोडू शकतो, म्हणजे एक कॅमेऱ्यावर आणि दुसरा स्टँडवर अशी जोडी वेगळ्या ट्रान्समीटरशिवायही जमते. आरएफ-६०३ची जोडी आधीपासून घरात असेल तर ५६०-टीएक्स तिलाही उडवतो, फक्त तिथे पॉवर बदलता येत नाही. तुमच्याकडे असे दोन फ्लॅश चालू स्थितीत असतील, तर ते विकून दुसरं काही घ्या असं मी म्हणणार नाही. ५६०-टीएक्स घ्या आणि कामाला लागा.

पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी गोडॉक्सकडे थोडा जास्त झुकवीन. कारण पुन्हा त्या चौकातच सापडतं. भर उन्हात आयएसओ १०० आणि १/२०० धरलं तर छिद्र एफ/११ च्या आसपास ठेवावं लागतं. म्हणजे नवरीच्या मागची प्लास्टिकची खुर्ची, कूलर, लोंबणारी वायर, सगळं स्वच्छ दिसतं. एफ/२.८ वर यायचं तर शटर १/३२०० पर्यंत न्यावं लागतं, आणि तिथे हायस्पीड सिंक, म्हणजे इतक्या वेगवान शटरलाही फ्लॅश चालवायची सोय, हवं. वायएन५६० मालिकेच्या या फ्लॅशमध्ये ते नाही. टीटी६०० मध्ये आहे, आणि गंमत म्हणजे तो कॅमेऱ्यावर लावला तर नाही, खाली उतरवून एक्स२टीसारख्या ट्रान्समीटरने उडवला तरच आहे. आपल्याला तर खालीच उतरवायचा आहे. हायस्पीड सिंकमध्ये फ्लॅशचा जोर बराच पडतो, हे धरून चला. दहा जणांच्या ग्रुपला तो उन्हात पुरणार नाही. एका चेहऱ्यासाठी, फ्लॅश चार-पाच फुटांवर आणून, तो छान काम करतो, आणि हळदीचे माझे आवडते फोटो अलीकडे तसेच निघाले आहेत.

दुसरं म्हणजे गोडॉक्समध्ये कॅमेऱ्याची कंपनी फक्त ट्रान्समीटर ओळखतो. मी मधे एका कंपनीची बॉडी सोडून दुसऱ्या कंपनीची घेतली. एक ट्रान्समीटर बदलला, स्टँडवरचे फ्लॅश तसेच राहिले. पुढे मोठा, बॅटरीवर चालणारा स्टुडिओ लाइट घ्यायची वेळ आली तर त्यांचा एडी२०० याच ट्रान्समीटरवर चालतो. वाढायला जागा आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता एक्स२टी की एक्सप्रो? एक्सप्रोचा पडदा मोठा आणि तिरका, पाचही गट एकदम दिसतात, चष्मा लागलेल्यांना बरं पडतं. एक्स२टीचा पडदा लहान, पण त्याच्या डोक्यावर हॉटशू (फ्लॅश बसवायची खाच) आहे, एक्सप्रोच्या नाही. दोन्हीकडे गटांची पाच बटणं आहेत. मी एक्स२टी वापरतो. डोळा फाइंडरला, डाव्या अंगठ्याने बी गटाचं बटण दाबायचं, चाक तीन टिचक्या फिरवायचं, एक स्टॉप वर. आता हे न बघता जमतं. सज्ज्यातला फ्लॅश सज्ज्यातच राहतो. एखाद्याला एक्सप्रोच जास्त आवडेल, आणि त्यात काही चूक नाही.

टेबलावरच्या छोट्या कामात, फ्लॅश हातभर अंतरावर असताना, ट्रान्समीटरच्या सेटिंगमध्ये अंतराचा पर्याय ०–३० मीटरवर ठेवा. दुसरा १–१०० मीटरचा आहे, तो मैदानासाठी.

कॅनॉनवाल्यांनी एक गोष्ट दुकानात पाऊल टाकण्याआधी तपासावी. ईओएस १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू यांच्या हॉटशूमध्ये मधली मोठी पिनच नाही. एकपिनी ट्रिगर त्याच पिनेवर चालतात, त्यामुळे या बॉडींवर साधी जोडी बसते पण उडत नाही, आणि टीटी६०० थेट कॅमेऱ्यावर लावला तर तोही गप्प राहतो. यांना कॅनॉनच्या बाकीच्या पिनांवरून बोलणारा ट्रान्समीटर हवा, म्हणजे खास कॅनॉनसाठीचा, आणि त्याचं फर्मवेअर नवीन असलेलं बरं. बॉडी सोबत न्या, काउंटरवरच लावा, दहा-बारा फोटो काढा आणि मग पैसे द्या. आपल्याकडे नवशिक्यांच्या हातात याच बॉडी जास्त दिसतात, म्हणून हे जरा आग्रहाने सांगतोय.

मग साधी जोडी कोणी घ्यावी? ज्याचा फ्लॅश कायम हाताच्या अंतरावर असतो त्याने, जरूर. लोणच्याच्या बरण्या, पापडाची पाकिटं, चांदीची जोडवी यांचे फोटो काढणाऱ्याला उठून दोन पावलं चालणं जड नाही, बरणी काही पळून जात नाही. शिकणाऱ्यानेही घ्यावी, विशेषतः घरात जुना चांगला फ्लॅश पडून असेल तर. माणसांचे फोटो काढायचे असतील, त्यातही पुन्हा न घडणाऱ्या प्रसंगांचे, तर मात्र सुरुवातीलाच थोडे पैसे जास्त घाला असं मला वाटतं. कॅमेरा कंपनीच्या एका वरच्या दर्जाच्या फ्लॅशच्या पैशात दोन टीटी६००, एक्स२टी आणि चांगले रिचार्जेबल सेल बसतात आणि वर पैसे उरतात. सगळं एकदम जमत नसेल तर आधी एक टीटी६०० आणि ट्रान्समीटर घ्या, दुसरा फ्लॅश पुढच्या सीझनला.

माझी २.४ची जुनी जोडी मी विकलेली नाही. तिच्यात केबल लावली की ती कॅमेऱ्याचं शटर लांबून दाबते. मांडवाच्या खांबावर दुसरा कॅमेरा बांधून अक्षता पडतानाचा वरचा फोटो मी आता तिच्यानेच काढतो.